रबरी मॅटखालची फळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या घोडीचा जुना ट्रेलर मी घरीच दुरुस्त केला, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच लिहायला बसलो असतो तर रागात काहीतरी लिहून गेलो असतो, म्हणून दोन दिवस थांबलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घोड्याचा जुना ट्रेलर घरच्या अंगणात दुरुस्त करणं म्हणजे मुक्या जनावराच्या जिवाशी खेळ आहे. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या वर्कशॉपच्या वस्तीत, काम टाकलं की झालं, आपण त्यात हात घालायचा नाही. आणि तळाला लाकूड कशाला, चेकर्ड प्लेट (उठावदार नक्षीचा जाड लोखंडी पत्रा) ठोकायची आणि विषय संपवायचा.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. ‘दांडीचा तडा वेल्डिंगने भरला’ एवढंच मी मूळ लेखात लिहिलं आणि शेजारी हातात ग्राइंडर घेतलेला माझा फोटो टाकला. वाचणाऱ्याला वाटणारच की हेही यानंच केलं. ते मी केलेलं नाही. जुना रंग खरवडला तेव्हा हुकाच्या मागे, ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांडीवर केसाएवढी रेघ दिसली. त्याच दिवशी ट्रेलर उद्यमनगरात नेला, तोही रिकामा आणि अगदी सावकाश. तिथल्या जुन्या जाणत्या मिस्त्रींनी आधी तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग खाच काढून आतपर्यंत वेल्डिंग भरलं आणि वरून जाड पट्टी जोडली. ज्या जोडावर सगळा ट्रेलर ओढला जातो तो जोड माझ्यासारख्या हौशी माणसानं करायचा नसतो. हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. लेखात आज दुरुस्ती केली आहे.

पण ‘काम बाहेर टाकलं की झालं’ हे मला मान्य नाही, आणि त्याला कारण आहे. आधीच्या मालकानं या ट्रेलरचा तळ एका गॅरेजात ‘नवा’ करून घेतला होता. मी ट्रेलर घेतला तेव्हा आत काळीकुळकुळीत रबरी मॅट, तिच्याखाली चकचकीत पत्रा. वरून बघितलं तर नाव ठेवायला जागा नाही. मी त्यावर दोनदा उड्या मारून बघितल्या, पत्रा जरासा वाजला, बास. मग पावसाळा संपल्यावर एका रविवारी भावाला हाताशी घेऊन मॅट बाहेर ओढली. तिच्या खालच्या अंगाला ओल होती आणि असा उग्र दर्प आला की दोघंही मागे सरकलो. पत्र्याचे रिव्हेट तोडून तो उचलला. खाली जुन्या फळ्या तशाच होत्या. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि हातानं नुसता दाब दिला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला ओल्या चहापत्तीसारखा भुगा. मागच्या बाजूला, जिथं घोडीचे मागचे पाय येतात तिथं, तीन फळ्या अशाच. म्हणजे कुजलेल्या लाकडावर पत्रा अंथरून काम दिलं होतं.

आमच्या चांदणीचं वजन 350 किलोच्या आसपास आहे. उभी असताना ते चार पायांवर असतं. ब्रेक लागला की ती पुढं झुकते, खड्ड्यात तोल सावरताना एका पायावर येते, आणि तेवढा भार टापेएवढ्या जागेवर पडतो. फळी तुटली तर पाय खाली जातो, खाली रस्ता पळत असतो आणि गाडी चालवणाऱ्याला मागचं काही कळत नाही. त्या दिवशी मी बराच वेळ तिथंच बसून राहिलो. आदल्या महिन्यात तिला त्याच ट्रेलरमधून पन्हाळ्याला नेऊन आणलं होतं.

आता प्लेटचं. प्लेटचा तळ वाईटच असतो असं मी म्हणत नाही, नीट बांधला तर टिकतो. पण मुताचा अमोनिया आणि मॅटखाली कोंडलेली ओल लोखंडालाही सोडत नाही, गंज खालच्या बाजूनं चढतो. शिवाय प्लेटवर टापा वाजतात, उन्हात ती तापते. आमची घोडी आवाजाला बिचकते, म्हणून मी लाकूड निवडलं. वखारीतून ऐनाच्या दीड इंची फळ्या आणल्या, खालचे सगळे आडवे अँगल घासून रेड ऑक्साईड मारलं आणि फळ्या लांबीच्या दिशेनं बोल्टनं आवळल्या, दोन फळ्यांत पाणी निथळायला बारीक फट ठेवून. बसवण्याआधी चारी कडांना, खास करून कापलेल्या टोकांना, जवसाचं तेल पाजलं. (कुणी हे करणार असाल तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. मोकळी पसरून वाळवा.) लांबी-रुंदी, उंची काहीच बदललेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे आरसी बुकातल्या तपशिलाला धक्का लागेल असा बदल परस्पर करता येत नाही, तेही सांगून ठेवतो.

टायरबद्दल तुम्ही विचारलंच आहे. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूला 1409 हा आकडा होता, म्हणजे टायर 2009 सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेले, रबर जुनं झालेलं. चारही बदलले. बेअरिंग नवीन टाकले, ग्रीस भरलं, नट आवळून परत थोडा सैल केला, नट जागेवर धरून ठेवणारी कॉटर पिन नवी. मग रिकामा ट्रेलर कागलपर्यंत नेला आणि उतरून प्रत्येक हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावला. डावीकडचं मागचं हब चटका देत होतं. परत येऊन नट अजून जरा सैल केला, पुन्हा कागल. चारही सारखे कोमट लागले तेव्हा कुठं चांदणीला आत घेतलं. वेगाचं म्हणाल तर प्राणी वाहतुकीच्या 1978 च्या नियमांत घोडे नेणाऱ्या गाडीला ताशी 35 किलोमीटरची मर्यादा आहे आणि मी ती पाळतो.

तुम्ही ‘हौस’ म्हणालात ते मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या लिहिण्यात जनावराची काळजी होती, म्हणूनच एवढं सविस्तर लिहिलं. येत्या रविवारी सकाळी मी मॅट बाहेर काढून धुणार आहे, दर महिन्याला धुतो. कोल्हापुरातच असाल तर चहाला या. येताना तुमचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन या आणि हव्या त्या फळीत खुपसून बघा.