सहा टन हवा आणि मोहरीएवढा दाणा

व्हॅक्यूम प्रेस समजायला फार सोपं आहे, तिथेच माझा घात झाला. एमडीएफला (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीला) गम फासा, वर व्हिनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, ठेवा, पिशवीत सरकवा, पंपानं हवा ओढा. दाबायचं काम मग बाहेरची हवाच करते, तेही फुकटात. पिशवीतली ८० टक्के हवा गेली, की ६० बाय १२० सेंटिमीटरच्या पॅनलवर जवळपास सहा टनांचा भार बसतो. हा हिशोब मी घरात सगळ्यांना दोनदा ऐकवला.

पहिलं पॅनल बाहेर आलं, तेव्हा त्यावर मच्छरदाणी उमटली होती. हवा निघायला वाट राहावी म्हणून पिशवीत जाळी घालतात. ती मी थेट व्हिनिअरवरच अंथरली होती. सागाच्या सुरेख रेषा आणि त्यांवर गणिताची वही! ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की दबलेलं लाकूड वर येतं, असं ऐकून होतो. आलं वर. पण उष्णतेनं खालचा गमही मऊ पडला आणि कोपऱ्यातलं व्हिनिअरही त्याच्याबरोबर वर आलं.

दुसऱ्या खेपेला मध्ये गुळगुळीत पाट घातला. पिशवी फाटू नये म्हणून त्याचे कोपरे गोल केले होते. (ही एकच गोष्ट मला पहिल्या फटक्यात जमली, म्हणून मुद्दाम सांगतो.) पॅनल झकास दिसत होतं. ओळखीच्या मिस्त्रींना कौतुकानं दाखवायला नेलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कान जवळ नेऊन नखानं वाजवत गेले : टक्, टक्, टक्, फस्.

"इथं फुगाय. गम लावून कुठं गेला होतात?"

"पिशवीची क्लिप शोधायला."

"तोवर साय धरली त्याच्यावर."

मग रेषेच्या दिशेनं ब्लेडनं बारीक चीर, सिरिंजनं आत गम, वर वजन. पेशंट वाचला, पण टाका दिसतो.

तिसऱ्याला भीतीपोटी गम सढळ हातानं लावला. तो व्हिनिअरच्या रंध्रांतून वर झिरपला आणि पॉलिशचा हात फिरेपर्यंत गप्प बसला. पॉलिश लागल्यावर तेवढ्याच जागा पांढुरक्या राहिल्या. शिवाय ऐन मध्यावर एक खळगा. पाट उलटा केला, तर आधीच्या खेपेचा वाळलेल्या गमाचा दाणा त्याला चिकटलेला, मोहरीएवढा. सहा टनांनी तोही मन लावून दाबला होता.

चौथ्याला पाट खरवडला, क्लिपा आधीच खिशात घातल्या, गम रोलरनं पातळ पसरला. ना जाळी, ना फुगा, ना डाग. मी स्वतः नखानं तीनदा वाजवून पाहिलं आणि निवांत झोपलो.

सकाळी टेबलावर पॅनल वाकून पाळण्यासारखं डुलत होतं. मिस्त्रींना फोन लावला.

"मागच्या बाजूनंही व्हिनिअर लावलंत ना? एकाच बाजूनं लावलं की वाकतं."

"मागची बाजू कोण बघतंय?"

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग खोकल्याचा आला, पण तो खोकला नव्हता.