फॅमिली फिशिंग

मालवणजवळच्या देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटक दिसला की दोन गोष्टी विकल्या जातात: डॉल्फिन दाखवणे आणि ‘फॅमिली फिशिंग’. डॉल्फिन दिसले नाहीत तर दोष डॉल्फिनचा. मासा लागला नाही तर दोष बापाचा. हा फरक मला होडीत बसल्यावर समजला.

फलकावर एक गृहस्थ पुरुषभर सुरमई कवेत घेऊन हसत होते. आमच्या हाती आली प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, तिच्या टोकाला शिसं आणि गरीला टोचलेलं सुंगट, म्हणजे कोळंबी. खोल समुद्राची भानगड नव्हतीच. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी होडी चालवणाऱ्या तांडेलाने नांगर टाकला. मागे वळलं की किनाऱ्यावर वाळत घातलेला माझाच टॉवेल दिसत होता.

चालत्या होडीत माणूस ठीक असतो. नांगरलेली होडी जागच्या जागी डोलू लागली की सकाळचे घावणे फेरविचार करतात. बायको क्षितिजाकडे एकटक बघत बसली. फोटोत ते फार काव्यमय आलंय.

“शिसा तळाक टेकला काय हातभर वर घेवा, नि तंगूस बोटावर ठेवा. टोचला काय झटको मारा,” तांडेल म्हणाला. ऐकायला सोपं आहे. मासा टोचतो, तुम्ही झटका मारता, वर रिकामी गरी येते. सुंगट कोण्या अनुभवी माशाने सोलून नेलेलं असतं.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. जन्म गिरगावात गेलेला. कल्ला वर करून आतला लाल रंग पाहिल्याशिवाय त्यांच्या पिशवीत मासा पडत नाही. “सुंगटं टपोरी आहेत हो,” त्या म्हणाल्या, “एव्हाना ह्यांचीच आमटी झाली असती.”

मग माझी तंगूस ताणली गेली. चांगली घसघशीत. मी उभा राहिलो, मुलं ओरडली, मोबाइल निघाले.

“ओढू नकात काकानू, बोट कापात,” तांडेल शांतपणे म्हणाला. “मासो नाय तो. खडाप आसा.” खडाप म्हणजे तळाचा खडक.

मुलाला मात्र शेंगटी लागली. तिचे काटे विषारी, म्हणून तांडेलाने आधी ते पकडीने मोडले. मुलीला लागला केंड. होडीत येताच त्याने पोट फुगवलं आणि दात करकरवले. तोही विषारी, त्यामुळे पुन्हा पाण्यात. आमचं कुटुंब वेचून नेमके असलेच मासे पकडत होतं.

जूनपासून जुलैअखेर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. म्हणजे माशांना सलग दोन महिने निवांतपणा आणि मला दिवाळीचे चार दिवस, तेही असे.

निघता निघता तांडेलाने स्वतःची गरी सहज सोडली, बोलता बोलता ओढली, आणि चांगली हातभर तांबोशी होडीत येऊन आपटली. कोणी काही बोलायच्या आत सासूबाई पुढे सरकल्या.

“केवढ्याला?”

बोट आम्ही ठरवलेली, सुंगटं आमच्या पैशांतली. पण सवय.

“पैशे कसले काकीनू, घेवन जावा.”

फुकट म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी एकदा तांडेलाकडे संशयाने पाहिलं, पदर खोचला, आणि तडफडणाऱ्या तांबोशीला गुडघ्याखाली दाबून तिचा कल्ला वर केला.