डिलक्सची घाई कशाला?
'चार पैसे जास्त गेले तरी पहिल्याच दिवशी डिलक्स घ्या' हे व्हिडिओ गेम विकत घेण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काय पटलं नाही. डिलक्स म्हणजे गेमची जादा वस्तू घातलेली महागडी आवृत्ती. गेल्या दिवाळीत मी एका गेमसाठी तेच केलं. मिळालं काय? घोड्याला सोनेरी खोगीर, दोन तलवारी आणि गाण्यांचा अल्बम. तलवारी तासाभरात बिनकामाच्या झाल्या, अल्बम अजून उघडलेला नाही!

उलट 'विचर ३' बघा. गेम मे २०१५ चा. दोन्ही मोठ्या विस्तारांसकट, म्हणजे नंतर जोडलेल्या नव्या कथांसकट, 'गेम ऑफ द इयर' आवृत्ती ऑगस्ट २०१६ मध्ये आली. मी तीच घेतली. आणि डिस्कचं काय? राजारामपुरीतला दोस्त आणि मी डिस्क अदलाबदल करून खेळतो. डिलक्समधल्या जादा वस्तू मिळवायचा कोड मात्र एकदाच चालतो, तो दुसऱ्याला काय देणार भावा?