रास्पबेरी पायवर ‘मुस्तफा’ अडखळतो, तो पायच्या दोषाने नव्हे

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला बेळगाव, निपाणी आणि खानापूर अशा तिन्हीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांतून आला. विषय रास्पबेरी पायचा, म्हणजे एका छोट्या बोर्डावर बसवलेल्या संगणकाचा. एमुलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, घालून त्यावर नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचे जुने आर्केड गेम खेळता येतात. पाय ३, ४, ५ ही त्याची मॉडेलं. थोडक्यात मजकूर असा: ‘रास्पबेरी पाय हे खेळणं आहे. पाय ३ किंवा पाय ४ वर जुने आर्केड गेम अडखळणारच, कारण प्रोसेसर आणि रॅम कमी पडतात. असेल तो विका आणि पाय ५ घ्या. मोबाईलचा कुठलाही चार्जर चालतो. एमुलेटर नेहमी सगळ्यात ताजा घाला. ओव्हरक्लॉक करा, भारीतलं मेमरी कार्ड घ्या. डोक्याला ताप नको असेल तर दहा हजार गेम भरलेलं तयार कार्ड विकत मिळतं.’

हे वाचून माझ्या निपाणीच्या भाच्याचा फोन आला. “मामा, पाय ४ विकायला काढलाय. गिऱ्हाईक उद्या येणार आहे.” मी म्हटलं, त्याला चार दिवसांनी बोलाव. पोरं पैसे साठवून बोर्ड घेतात आणि असल्या मजकुरापायी चांगला चालता बोर्ड पडत्या भावात देऊन टाकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

आधी प्रोसेसरचं. आमच्या पिढीचा ‘मुस्तफा’ घेऊ. मूळ नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा. बेळगावात रुपया टाकून खेळायचो तेव्हा मूळ नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. धावत जाऊन उडती लाथ घालणारा मुस्तफा सगळ्यांना हवा असायचा, म्हणून गेमचं नावच मुस्तफा पडलं. त्या मशीनमध्ये मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर होता, १२ मेगाहर्ट्झचा, म्हणजे घड्याळाचे सेकंदाला १ कोटी २० लाख ठोके देणारा. त्याच्या सगळ्यात छोट्या सूचनेलाही चार ठोके लागतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त तीस लाख सूचना. २०१६ च्या पाय ३ च्या प्रोसेसरमधल्या चार कोअरपैकी (हिशोब करणाऱ्या भागांपैकी) एकच सेकंदाला १२० कोटी ठोके देतो. भागाकार केला की मूळच्या एका सूचनेमागे पायकडे चारशे ठोके येतात. त्यातच आवाजाची चिप आणि चित्रं रंगवण्याचं काम उरकायचं असतं हे खरं, पण चारशे म्हणजे भरपूर झाले. १९८० च्या पॅकमॅनमध्ये तर ३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा झेड८० हा प्रोसेसर होता.

रॅमचा मुद्दा तर धरायलाच नको. मुस्तफाच्या सगळ्या रॉम, म्हणजे मूळ मशीनच्या चिपांतून उतरवलेल्या गेमच्या फाइली, मिळून दहा एमबीसुद्धा भरत नाहीत. निओ जिओ या आर्केड यंत्राचे अगदी शेवटी आलेले जाडजूड गेम शंभर एमबीच्या आतबाहेर जातात. पाय ३ वर एक जीबी आहे. आठ जीबीचा बोर्ड घेतला म्हणून मुस्तफा तसूभरही जोरात पळणार नाही.

मग अडखळतं का? माझ्या अनुभवात पहिलं कारण आहे तेच, जे त्या मजकुरात एका ओळीत उडवून लावलंय: ‘कुठलाही चार्जर चालतो.’

शहापुरातल्या आमच्या युवक मंडळाच्या खोलीत एक आर्केड पेटी आहे. प्लायवूडची पेटी, उद्यमबागेत कापून आणलेला पत्रा, त्यात तीस मिलिमीटरच्या बटणांची भोकं, आत पाय ३. पहिली दहा मिनिटं गेम झकास चालायचा. पडद्यावर गर्दी वाढली की आवाज फाटायचा आणि मुस्तफा पाण्यातून चालल्यासारखा हळू व्हायचा. दारातून येणारा प्रत्येक जण विचारायचा, “काय गा, अजून तसंच चालूलंय?” आम्ही दोन वेळा सगळं सॉफ्टवेअर पुसून नव्याने घातलं, तरी फरक शून्य.

एकदा टीव्ही पुसायला म्हणून पुढची लाकडी चौकट काढली, तर पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पिवळी वीज लुकलुकत होती. पायला मिळणारं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो ही खूण दाखवतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. इशारा पहिल्या दिवसापासून होता, आमची चौकटच त्याच्या आड येत होती. पायवरच्या पिनांपैकी दोन नंबर पाच व्होल्टची आणि सहा नंबर ग्राउंडची. गेम चालू ठेवून त्या दोहोंवर मीटर धरला: ४.५१.

चार्जर फोनसाठी ठीकच होता. घोळ होता तो केबलचा. सोलून पाहिली तर आत केसासारख्या तारा. २८ गेजच्या तारेला मीटरभर लांबीत सुमारे ०.२१ ओहम रोध असतो. जाऊन-येऊन ०.४२. त्यातून एक ॲम्पिअर ओढला की वाटेतच ०.४ व्होल्ट गळतात, आणि चार्जरच्या तोंडाशी असलेले पाच व्होल्ट पायपर्यंत ४.६ च होऊन पोचतात. चार्जरवर ३३ वॅट, ६५ वॅट छापलेलं असतं त्याने फसू नका. फोन चार्जरशी बोलणी करून व्होल्टेज वाढवून घेतो, ते आकडे त्या बोलणीनंतरचे. पाय ३ आणि पाय ४ अशी बोलणी करत नाहीत, त्यांना सरळ पाच व्होल्ट लागतात. पाय ३ ला ५.१ व्होल्ट आणि २.५ ॲम्पिअरचा, जाड वायर जोडूनच आलेला ॲडॅप्टर लावला. पिनांवर ५.०४ आले आणि ती वीज परत दिसली नाही.

चौकट काढायची नसेल तर दुसरी वाट आहे. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) vcgencmd get_throttled ही आज्ञा द्या. उत्तरात नुसतं शून्य आलं तर सगळं ठीक. शेवटी ५०००५ आलं तर व्होल्टेज आत्ता कमी आहे, वेगही आत्ता उतरवलेला आहे. ५०००० आलं तर आत्ता ठीक, पण सुरू केल्यापासून केव्हा तरी हे घडून गेलंय. त्याच vcgencmd ला तापमानही विचारता येतं. ऐंशी अंशांला पाय ३ वेग कमी करायला लागतो. मे महिन्यात आमची बंद पेटी ८३ दाखवत होती. मागे भोकं पाडून छोटा पंखा बसवला तेव्हा ती साठीवर आली.

आता ‘पाय ५ घ्या’ या सल्ल्याकडे परत पाहा. पाय ५ ला पाच व्होल्ट पाच ॲम्पिअरचा ॲडॅप्टर हवा. साध्या ॲडॅप्टरवर तो यूएसबीला मिळणारा प्रवाहच मर्यादित करून टाकतो. जुन्या बारीक केबलवर महागडा बोर्ड लावला तर दुखणं तिथेच राहील. ओव्हरक्लॉकचंही हेच: वेग वाढवला की वीज जास्त लागते आणि उष्णता जास्त होते. आधीच उपाशी असलेल्या बोर्डाला जोरात पळवलं तर तो मधेच बंद पडतो, आणि असं दोन-चारदा झालं की कार्डावरची फाइल सिस्टीम बिघडते.

‘एमुलेटर नेहमी ताजाच’ या सल्ल्याने सगळ्यात जास्त लोक फसलेत, म्हणून इथे जरा थांबतो. मेम हा एमुलेटर १९९७ पासून चालत आलेला आहे. वेग हे त्याचं ध्येय नाही. जुनी यंत्रं नेमकी कशी चालायची ते जपून ठेवणं हे त्याचं काम, आणि ते मोलाचं आहे. पण दर आवृत्तीगणिक मूळ चिपांची नक्कल जास्त बारकाईने होत जाते आणि त्याची किंमत प्रोसेसर मोजतो. त्यात मेमचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे पायचे उरलेले तीन कोअर बहुतेक वेळ रिकामेच. म्हणून रेट्रोपायसारख्या, पायवर गेम खेळण्यासाठीच्या तयार सॉफ्टवेअर संचात जुन्या आवृत्त्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत: ‘मेम २००३’ म्हणजे ०.७८ वर बेतलेली, ‘मेम २०१०’ म्हणजे ०.१३९ वर. कॅपकॉम आणि निओ जिओच्या गेमांसाठी फायनलबर्न निओ हा दुसरा एमुलेटर आहे. पाय ३ वर मी मुस्तफाला फायनलबर्न निओच देतो आणि तो पुऱ्या वेगाने पळतो.

पण आवृत्ती बदलली की रॉमचा संच बदलावा लागतो. पोरं इथे अडकतात. पुढच्या आवृत्तीत एखाद्या चिपची जास्त चांगली नक्कल मिळाली, फाइलींची नावं बदलली, एका झिपमधली फाइल दुसऱ्या झिपमध्ये गेली, असं सतत होत आलेलं आहे. झिपचं नाव तेच, आतला माल वेगळा. त्यामुळे ०.१३९ ची झिप ०.७८ ला दिली तर काही गेम चालतात, काही काळा पडदा दाखवून मेनूत परत येतात, काहींचा आवाज जातो. आणि दोष मात्र बोर्डावर येतो. निओ जिओच्या गेमला शेजारी त्याच संचातली बायोसची, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरची, झिपही लागते, ती नसेल तर कुठलाही बोर्ड काही करू शकत नाही.

आता भाच्याचं. त्याच्याकडे ॲडॅप्टर बरोबर होता, एमुलेटरही बरोबर. गेम मात्र निम्म्या वेगाने, आवाज तुटत तुटत. त्याला विचारलं, टीव्ही कुठला? “नवीन घेतलाय मामा, फोर के.” तिथेच उलगडा झाला. पाय ४ ला फोर के टीव्ही जोडला की मुद्दाम सेटिंग केल्याशिवाय तो त्या रिझोल्यूशनवर सेकंदाला तीसच चित्रं पाठवतो. गेम साठ चित्रांचा. प्रत्येक चित्र पडद्याची वाट पाहत थांबतं आणि गेम अर्ध्यावर येतो. रेट्रोपायच्या ४.८ या इमेजमध्ये (कार्डावर घालायच्या तयार प्रतीत) कॉन्फिग फाइलीत एचडीएमआय ग्रुप १ आणि मोड १६ लिहिलं की १०८० पी, साठ हर्ट्झ मिळतं. फोनवर सांगून त्याच्याकडून ते लिहून घेतलं. पाच मिनिटांनी फोनमधून मुस्तफाचं संगीत नीट ऐकू आलं.

पडद्याचा आणखी एक प्रकार असा आहे, ज्यावर पाय ५ चाही इलाज नाही. मॉर्टल कॉम्बॅटचं मूळ मशीन सेकंदाला ५४.७ चित्रं दाखवायचं. आपला टीव्ही साठवर चालतो. हिशोब जुळवायला सेकंदात पाचेक वेळा तेच चित्र पुन्हा दाखवावं लागतं, आणि बारीक नजरेला तो हिसका जाणवतो. तो हिसका घालवायला बोर्ड बदलून काही होत नाही. आणि बटण दाबल्यावर पात्र उशिरा हललं, तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. टीव्ही चित्र सजवण्यात जो वेळ घालवतो तो त्याने वाचतो.

मेमरी कार्डाबद्दल एवढंच: हे गेम सुरू होताना रॅममध्ये उचलले जातात, खेळताना कार्डाकडे फारसं जावं लागत नाही. वेगवान कार्डाने बूट लवकर होईल, मुस्तफा नाही. कार्ड टिकवायचं असेल तर मेनूतून नीट बंद करून मगच स्विच काढा. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधीही जाते, म्हणून मंडळाची पेटी आम्ही इन्व्हर्टरवर घेतली आहे.

तयार कार्ड विकत घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. दहा हजारांत एकाच गेमची जपानी, अमेरिकन, युरोपियन अशी भावंडं भरलेली असतात, अनेक चालतच नाहीत, आणि कुठला संच कुठल्या आवृत्तीचा हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. शिवाय ते गेम अजून कॉपीराइटखाली आहेत. मेमच्या त्या जुन्या आवृत्त्या आणि फायनलबर्न निओ लिहिणाऱ्यांनी ते फुकट दिलं ते विकायचं नाही या अटीवर, म्हणजे कार्ड विकणारा त्यांचीही फसवणूक करतो. नुसती सेटिंग तपासायची असेल तर मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर ग्रिडली, रॉबी रोटो असे काही गेम हक्कदारांच्या परवानगीने ठेवलेले आहेत. त्यावर सगळी जुळवाजुळव करून घ्या.

त्या मजकुरात खरं आहे ते एवढंच, की काही गेमांना पाय ३ खरोखर अपुरा पडतो. सेगा कंपनीच्या नाओमी या आर्केड यंत्रावरचे गेम, थ्रीडी गाड्यांच्या शर्यती, आर्केडचा टेकन ३ यांना मोठं बळ लागतं. टेकन ३ ची प्लेस्टेशनवरची प्रत मात्र पाय ३ वरही छान चालते, आपल्या डिस्कवरून काढून घेतली की झालं. नाओमीसाठी पाय ४ वर फ्लायकास्ट हा एमुलेटर करून पाहण्यासारखा आहे.

भाच्याला आता तेच हवंय. गिऱ्हाइकाला त्याने नाही म्हणून कळवलं. येत्या रविवारी निपाणीला जातोय, सोबत मीटर आणि एक जाड केबल घेऊन.