मेश बारीक केली की ताण अचूक मिळतोच?

टाकीच्या प्लेटमधला ताण काढायच्या संगणकी मॉडेलबद्दल एक समज फिरतोय: मेश (प्लेटचे छोटे तुकडे पाडणारी जाळी) जितकी बारीक, तितका कमाल ताण अचूक. सगळीकडे तसं होत नाही. चौकोनी मॅनहोलचा कोपरा मॉडेलमध्ये टोकदार ठेवलात, तर तिथलं गणिती उत्तरच अनंत आहे. एलिमेंट (जाळीचा एक तुकडा) निम्मा केला की ताणाचा आकडा साधारण ३७ टक्क्यांनी चढतो, आणि चढतच राहतो. (विस्थापन, म्हणजे प्लेट किती सरकली ते, मात्र निमूटपणे स्थिरावतं, म्हणून फसायला होतं.) आधी कोपऱ्याला खरी गोलाई द्या, मग मेश बारीक करा. वेल्डच्या कडेचा ताण हवा असेल, तर थेट कडेवरचा आकडा न घेता १० मिमी जाड प्लेटवर कडेपासून ४ आणि १० मिमीवरचे ताण वाचून सरळ रेषेत कडेपर्यंत नेतात. पण चित्रात जास्त ताणाचा लाल ठिपका दिसला की ‘सिंग्युलॅरिटी (टोकामुळे आलेला खोटा, अनंत ताण) आहे’ म्हणत सोडून देणं हा निव्वळ आळस. तळ आणि भिंतीच्या सांध्यातला वाकण्याचा ताण खराच असतो.