फ्लोरिडातल्या घराला लायबिलिटी इन्शुरन्स लागत नाही म्हणे!

गेल्या आठवड्यात साडूंनी एक मेसेज पाठवला, खाली एवढंच, "बघा, मी काय म्हणत होतो." टोरंटो-मिसिसागाकडच्या आपल्या ग्रुपांवर तो सध्या जोरात फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात मजकूर असा की फ्लोरिडात सुट्टीचं घर असेल तर आग-वादळाचा विमा घ्या, पण लायबिलिटीचे, म्हणजे आपल्यामुळे किंवा आपल्या घरात दुसऱ्या कोणाला इजा-नुकसान झालं तर त्याची भरपाई देणाऱ्या विम्याचे, वेगळे पैसे भरू नका, ते नुसतं एजंटचं कमिशन. कारणं सहा दिलीत. १) कॅनडातली होम पॉलिसी जगभर चालते. २) एचओएचा, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनचा, विमा असतोच. ३) घरी येणारे आपलेच लोक, ते कशाला केस करतील. ४) एअरबीएनबी दहा लाख डॉलरचं कव्हर फुकट देतं. ५) एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी, काढून घर तिच्या नावावर करा आणि निवांत झोपा. ६) आणि काही झालंच तरी आपण कॅनडात, इथे कोण येतंय मागे!

माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो, डिस्नीच्या बाजूला डेव्हनपोर्टमध्ये साडू आणि मी मिळून चार बेडरूमचं, स्विमिंग पूलवालं घर घेतलंय, त्यामुळे हा मेसेज खरा असता तर सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला असता.

सहाव्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीचे पाच पडले तरी हा सहावा तारून नेईल असं सगळ्यांना मनातून वाटत असतं. तर ऐका. बील्स विरुद्ध सल्दान्हा नावाची केस आहे. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात राहणाऱ्या चौघांनी फ्लोरिडात एक मोकळा प्लॉट घेतला होता आणि पुढे १९८४ मध्ये तो ८,००० अमेरिकी डॉलरला विकला, आठ हजार फक्त. घेणाऱ्यांनी त्यावर घर बांधायला घेतलं आणि मग कळलं की बांधकाम भलत्याच, शेजारच्या प्लॉटवर चाललंय. त्यांनी फ्लोरिडात केस टाकली. विकणाऱ्या चौघांनी सुरुवातीला उत्तर दिलं, नंतर दाव्यात बदल होत गेले त्यांना उत्तरच दिलं नाही, आणि १९९१ मध्ये ज्युरीने यांच्या गैरहजेरीत २ लाख ६० हजार अमेरिकी डॉलरचा निकाल दिला, वर १२ टक्के व्याज. आता यातली गंमत, म्हणजे गंमत कसली, डोकं धरून बसायची वेळ, इथल्या वकिलाने त्यांना सांगितलं की फ्लोरिडाचा निकाल ऑन्टारियोत लागू होत नाही, म्हणून त्यांनी तिकडे अपीलसुद्धा केलं नाही. म्हणजे थेट आपल्या मेसेजमधला सहावा मुद्दा! २००३ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निकाल लागू होतो, पैसे भरा. तोवर रक्कम व्याजासकट दहा लाख कॅनेडियन डॉलरच्या घरात गेलेली.

ती केस प्लॉटविक्रीची होती, कोणी पूलमध्ये पडल्याची नव्हती, हे मान्य. पण नियम तोच, तिकडे तुमची मालमत्ता आहे, त्या मालमत्तेवरून केस झाली, तर तिकडच्या कोर्टाचा निकाल इथे तुमच्या दारात येऊ शकतो. आणि इतकं लांब यायचीही गरज नसते, फ्लोरिडातलं घर तिथेच उभं आहे ना, निकालाची रक्कम भरली नाही तर त्याच घरावर बोजा चढतो. फ्लोरिडात घर कोणी हिसकावू शकत नाही असं जे ऐकायला मिळतं ते होमस्टेडबद्दल आहे, म्हणजे जे लोक तिथेच कायमचे राहतात त्यांच्या राहत्या घराबद्दल. हिवाळ्यात सहा आठवडे जाणाऱ्या आपल्यासारख्यांना ते नाही.

पुण्या-मुंबईचे जे लोक दुबईत फ्लॅट घेतायत त्यांच्यासाठी जाता जाता, जानेवारी २०२० पासून यूएईच्या कोर्टाचा पैशाचा निकाल भारतात जिल्हा कोर्टातून थेट वसूल करता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ खाली. तेव्हा "आपण तर भारतात" हेही आता तितकंसं खरं नाही.

आता पहिला मुद्दा, जगभर चालणारी पॉलिसी. हा अर्धा खरा आहे आणि म्हणून जास्त घातक. आपल्या इथल्या होम पॉलिसीत लायबिलिटीचा जो भाग असतो त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात, एक तुमच्या स्वतःच्या वागण्यामुळे कोणाला काही झालं तर (समजा मायामीच्या बीचवर तुमच्या सायकलने कोणाला धडक दिली), ती खरोखर जगात कुठेही चालते. दुसरी तुमच्या जागेमुळे कोणाला काही झालं तर. ही दुसरी फक्त पॉलिसीत लिहिलेल्या जागांना लागते. हॉटेलात किंवा दुसऱ्याच्या घरी तात्पुरते राहत असाल तर ती जागा सहसा आपोआप धरली जाते पण स्वतःच्या मालकीचं दुसरं घर नाही, ते नाव घालून लिहून घ्यावं लागतं, आणि अमेरिकेतलं घर इथली कंपनी लिहून घेईलच असं नाही. आमच्या कंपनीने नाही लिहिलं. साडूंचं म्हणणं की त्यांच्याकडे वीस लाख डॉलरची लायबिलिटी आहे, आहेच, पण ती मिसिसागातल्या पायऱ्यांवरच्या बर्फाला आहे, डेव्हनपोर्टच्या पूलला नाही.

तिसरा मुद्दा वाचून मात्र मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यात आपल्या लोकांवरचा विश्वास आहे आणि तो चुकीचा नाहीये. पुण्याहून आलेली मावशी पूलच्या ओल्या फरशीवर घसरून खुब्याचं हाड मोडलं तर ती तुमच्यावर केस करणार नाही, ती उलट तुम्हालाच म्हणेल की अरे माझ्यामुळे तुमची सुट्टी वाया गेली. पण तिचं हॉस्पिटलचं बिल ज्या विमा कंपनीने भरलं ती मावशी नाहीये! त्या कंपनीकडून मावशीला एक फॉर्म येतो, अपघात कुठे झाला, कोणाच्या जागेत झाला, जागामालकाचा विमा कोणता. मावशी प्रामाणिकपणे सगळं भरते. मग कंपनी मावशीच्या जागी उभी राहून तुमच्याकडून पैसे मागते. याला सब्रोगेशन म्हणतात, आणि मावशीने नाही म्हटलं तरी ते थांबेल असं नाही, कारण पॉलिसी घेताना तिने तो हक्क सही करून दिलेला असतो. अमेरिकेत तर २०१५ साली कनेक्टिकटमध्ये एका आत्या-मावशी लागणाऱ्या बाईने १२ वर्षांच्या भाच्यावरच केलेली केस कोर्टात चालली होती, तो आठ वर्षांचा असताना त्याने मिठी मारायला उडी मारली आणि तिचं मनगट मोडलं म्हणून. लोकांनी तिला वाट्टेल ते बोलून घेतलं, पण तिचं म्हणणं होतं की होम इन्शुरन्समधून पैसे मिळवायचे तर तिथल्या पद्धतीप्रमाणे माणसावरच दावा लावावा लागतो. ती हरली, ते सोडा. प्रेम आणि दावा तिकडे एकाच वेळी चालू असू शकतात, हे आपल्या डोक्यात बसत नाही.

आणि आपल्या माणसांशिवाय कोणी येतच नाही का घरी? गवत कापणारा येतो, पूल साफ करणारा येतो, शेजारचं पोरगं बॉल आणायला येतं. फ्लोरिडात २००० नंतरच्या पूलला कुंपण, अलार्म, कव्हर यातली निदान एक तरी सोय सक्तीची आहे, कुंपण असेल तर किमान चार फूट. आमच्या पूलच्या जाळीच्या दाराची कडी आपोआप लागत नव्हती आणि हे आम्हाला दोन वर्षं माहीत होतं. "आपल्या जबाबदारीवर पोहा" ही पाटी मात्र साडूंनी हौसेने लावलेली. पाच वर्षांचं पोरगं पाटी वाचणार आहे का?

एचओएचं पटकन. त्यांचा विमा रस्ते, क्लबहाऊस, सामाईक पूल यांना असतो, तुमच्या उंबऱ्याच्या आत काय झालं त्याला नाही. कॉन्डो, म्हणजे इमारतीतला मालकीचा फ्लॅट, असेल तर उलटाच धोका, असोसिएशनचा विमा अपुरा पडला तर फरक मालकांकडून गोळा होऊ शकतो, कायद्याने प्रत्येकाच्या वाट्याइतका आणि फार तर युनिटच्या किमतीपर्यंत. २४ जून २०२१ ला मायामीजवळच्या सर्फसाइडची कॉन्डोची इमारत कोसळली, ९८ माणसं गेली, त्यानंतर ज्यांचे स्वतःचे फ्लॅट मातीत गेले त्या मालकांवरही भरपाईचा बोजा येणार का हा प्रश्न उभा राहिला होता, शेवटी तडजोडीत ते सुटले. कॉन्डोच्या पॉलिसीत लॉस असेसमेंट नावाची ओळ असते ती याचसाठी, फ्लोरिडात कायद्याने किमान २,००० डॉलर. २,००० डॉलरने काय होतंय, वाढवून घ्या. आणि एसीच्या पाण्याची नळी तुंबून खालच्याच्या छतातून धार लागली, हे तिथल्या दमटपणात नेहमीचंच, तर ते बिल तुमच्याकडे.

एअरबीएनबीचं कव्हर खरं आहे, दहा लाख डॉलरच. पण ते त्यांच्यातर्फे बुक झालेल्या मुक्कामापुरतं. गणपतीनंतर ऑफिसातल्या मित्राला "जा रे, चावी घे" म्हणून दिलेल्या चार दिवसांना नाही. शिवाय घर भाड्याने देताय हे तुमच्या नेहमीच्या कंपनीला सांगितलं नसेल तर तीही हात वर करेल.

एलएलसीचं सांगायचं तर ती काही प्रमाणात आडोसा देते, पण कडी तुटलीय हे तुम्हाला स्वतःला माहीत होतं तर दावा कंपनीबरोबर तुमच्यावरही लागतो. आणि कॅनडात राहून अमेरिकन एलएलसी काढणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, कारण अमेरिका तिला सहसा तुमच्यातच धरते आणि आपली सीआरए, म्हणजे कॅनडाचं टॅक्स खातं, तिला वेगळी कंपनी मानते, त्यातून दोन्हीकडे टॅक्स भरायची पाळी येऊ शकते. त्यात लोक घर एलएलसीच्या नावावर करतात आणि पॉलिसी स्वतःच्या नावावर तशीच ठेवतात, मग क्लेमच्या वेळी कंपनी विचारते, हे घर तुमचं आहे कुठे?

साडूंना मी एवढंच पाठवलं की तिकडच्या पॉलिसीचं पहिलं पान काढा आणि पर्सनल लायबिलिटीसमोरचा आकडा वाचा. त्यांनी फोटो पाठवला, १ लाख डॉलर, जो तिकडे बऱ्याचदा न मागता मिळतो तोच. मग विचारलं की मावशीच्या खुब्याचं ऑपरेशन आणि पुढची फिजिओथेरपी एवढ्यात होईल का, आणि वकिलाचा खर्च या एक लाखातूनच जाणार का वेगळा मिळणार (बहुतेक होम पॉलिसीत वेगळा मिळतो, पण आपल्या पॉलिसीत काय लिहिलंय ते बघायचं). अर्ध्या तासाने फोन आला, आवाज जरा खाली होता. "एजंटला मेल करू म्हणता? पण लेखी उत्तर मागा हां, फोनवर नको." त्याच दिवशी मेल केला आणि दाराच्या कडीला माणूस सांगितला.