सांस्कृतिक अभ्यासाची सुरुवात बर्मिंगहॅमच्याही आधीची

सांस्कृतिक अभ्यास, म्हणजे साहित्यापासून माध्यमांपर्यंत रोजच्या जगण्यातील संस्कृती अभ्यासणारी ज्ञानशाखा, 1964 साली ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगार्ट यांनी स्थापन केलेल्या केंद्रातून जन्मली, असे या विषयाच्या इतिहासावरील एका लेखात म्हटले आहे; त्यावर हे टिपण. संस्थेपुरते ते बरोबर आहे. पण तिची मुळे विद्यापीठाच्या मुख्य वर्गांत नव्हे, तर प्रौढ शिक्षणाच्या वर्गांत आहेत, हे लेखात यायलाच हवे होते. हॉगार्ट हल येथे, तर या शाखेचे आणखी दोन प्रवर्तक, साहित्य समीक्षक रेमंड विल्यम्स आणि इतिहासकार ई. पी. थॉम्पसन, अनुक्रमे ऑक्सफर्डच्या आणि लीड्सच्या बहिःशाल विभागात (विद्यापीठाबाहेरील प्रौढांसाठी वर्ग चालवणाऱ्या विभागात) अनेक वर्षे शिकवत होते. समोर बसलेली माणसे परीक्षेसाठी आलेली नव्हती. आपल्या जगण्याशी या पुस्तकांचा संबंध काय, असे ती विचारू शकत होती, आणि त्या प्रश्नाला इंग्रजी साहित्य किंवा इतिहास यांपैकी एकाच विषयाच्या चौकटीत राहून उत्तर देणे शक्य नव्हते.

केंद्राला सुरुवातीचा निधी सामान्य वाचकांसाठी स्वस्त पुस्तके काढणाऱ्या पेंग्विन प्रकाशनाचे ॲलन लेन यांनी दिला, ही बाबही लक्षणीय वाटते. पुढे जमैकात जन्मलेले स्टुअर्ट हॉल केंद्राचे प्रमुख असताना विद्यार्थी गटागटाने संशोधन करू लागले आणि स्त्रीवाद व वंशभेदाचे प्रश्न अभ्यासाच्या केंद्रस्थानी आले. 1979 मध्ये हॉल ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात गेले, हे लेखात केवळ ‘बदली’सारखे नोंदवले आहे. मला मात्र ते मूळ प्रेरणेकडे परतणे वाटते, कारण प्रौढ शिक्षणाच्या वर्गांप्रमाणेच तेथेही औपचारिक पात्रता नसलेल्या प्रौढांना प्रवेश होता. ज्या बर्मिंगहॅम विद्यापीठाने या विषयाला घर दिले, त्यानेच 2002 मध्ये या विषयाचा विभाग बंद केला, याचे मला आजही दुःख होते.